निकेलचं पथ्य

आकाराम गारगोटीकडचा पैलवान. तालमीत असताना वाट्या भरभरून म्हशीचं तूप प्यायला, आणि गुडघा निकामी झाल्यावर पोटासाठी कोल्हापुरातल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात लागला. त्रेपन्न सालापर्यंत त्यानं हजारो डबे केले, घरी मात्र एकही नेला नाही. "आमी ह्ये फकस्त करतो, खात न्हाय," असं तो पावण्यांना ठणकावून सांगे.

काम नाजूक होतं. छोट्या टाकीत शेंगतेल तापवून त्यात निकेलची काळी भुकटी कालवायची, ते मोठ्या बंद भांड्यात ओतून हायड्रोजन वायू सोडायचा. निकेल तेलाचं नि वायूचं लग्न जुळवतं आणि तूप झालं की गाळणीतून बाहेर पडून पुढच्या लग्नाला तयार. आकाराम तुपाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन फुंकर मारी. थिजला, की झालं.

त्या पंधरवड्यात थेंब थिजेना. चार तासांच्या कामाला नऊ तास लागू लागले. केमिस्ट दत्तोपंतांनी भजी खात खातच त्याला बोलावलं.

"आकाराम, तुझा हात बिघडला असं मालक म्हणतात. शनिवारपासून डबे भरायला जायचं."

पैलवानाला तालमीत झाडू मारायला लावण्यातलाच हा प्रकार.

"हात न्हाय बिघडला, सायेब. भुकटीच आळशी हाय."

"भुकटी नवी आहे. गंधकानं मात्र ती मरते. कांद्यालसणात असतो तसल्या गंधकानंसुद्धा."

आकारामचा हात मिशीवरच थांबला. गप्प राहावं तर हात बदनाम, बोलावं तर नोकरी जाणार. त्यानं हात वाचवला.

"कांदा गेलाय की. पंधरा दिस झालं, रोज दोन शेर."

"कुठं?"

"छोट्या टाकीत. भुकटी पडायच्या आदी भजी तळतोय. तेल आयतं तापल्यालं असतंय."

दत्तोपंत ताडकन उठले. "कारखान्याच्या टाकीत! खाल्ली कुणी?"

"समद्यांनी. काल तुमीच म्हणलासा, आनखी दोन आण."

दत्तोपंतांनी हातातल्या अर्ध्या भज्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. मग मालकांना चिठ्ठी लिहिली: तेलात बाहेरचा गंधक आला होता, टाकी धुतली, आकारामचा दोष नाही.

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं.

शनिवारी ताज्या भुकटीनं थेंब चार तासांत थिजला. सोमवारी दत्तोपंतांच्या टेबलावर पुन्हा बशी आली.

"बटाट्याची हाईत," आकाराम म्हणाला. "आन् कढई घरनं आणलीया."

दत्तोपंतांनी भजं मोडून आत नीट पाहिलं, मगच तोंडात टाकलं.