राणीच्या डोहाळ्यांचा मुखवटा

मला सहावा महिना चालू होता तेव्हा दादा श्रीलंकेहून मुखवटा घेऊन आला. माझा हा भाऊ एकलहऱ्याला वीजकेंद्रात नोकरी करतो, मित्रांबरोबर आठ दिवसांच्या सहलीला गेला होता. पंचवटीतल्या आमच्या घरी त्यानं वर्तमानपत्राचे कागद सोडले आणि ते तोंड टेबलावर ठेवलं. हलक्या लाकडात कोरलेलं, लाल-पिवळं. बाहेर आलेले डोळे, ओठांतून निघालेले सुळे आणि डोक्यावर फणा काढलेले नाग.

"तुझ्यासाठीच आणलाय," दादा म्हणाला. तिकडे कोलम नावाचं लोकनाट्य असतं, असले मुखवटे घालून नाचतात. दुकानदारानं त्याला त्याची मूळ कथा सांगितली होती. एका राणीला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते मुखवट्यांचा नाच बघायचे. राज्यात असला नाच कुणालाच ठाऊक नव्हता. राजा हवालदिल झाला. मग एके सकाळी राजाच्या बागेत देवानं ठेवलेले कोरीव मुखवटे सापडले, नाच झाला, राणीचे डोहाळे पुरले. "म्हणजे शुभच की हा!"

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, हे हिच्यासमोर कशाला ठेवलंत?" माझ्या पलंगासमोर रांगत्या बाळकृष्णाचा फोटो त्यांनीच लावला होता.

मी हसले. बँकेत नोकरी करणारी बाई, असल्या गोष्टी मानत नाही, असा माझा तोरा. खरं तर कागद सुटला तेव्हाच मी नजर फिरवली होती. दोन वर्षांपूर्वी, गेलेल्या बाळाच्या वेळी, पाचव्या महिन्यात, सोनोग्राफी करता करता डॉक्टर बोलायची थांबली होती आणि तिनं स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली होती. तेव्हापासून माझ्याकडे नुसतं बघत राहणारा कुठलाही चेहरा मला सोसत नाही.

दादाला वाईट वाटू नये म्हणून नवऱ्यानं मुखवटा शोकेसवर ठेवला. मी त्याच्यासमोरून खाली बघून जायला लागले. एकदा त्याच्यावर ओढणी टाकली, तर फण्यांनी ती वर उचलून धरली, आणि आत कुणीतरी डोकं वर करून बसलंय असं दिसायला लागलं. लगेच काढली.

आठवड्याभरानं, सुट्टीच्या शनिवारी, मी जेवून डाव्या कुशीवर आडवी झाले. जेवण झालं की बाळ हमखास लाथ मारायचं. त्या दिवशी काहीच नाही. गार पाणी प्याले. पेढा खाल्ला. काहीच नाही. चार वाजता मी सासूबाईंना हाक मारली, "आई, बाळ हलत नाहीये."

त्यांनी पायात चपला अडकवल्या, तशाच आम्ही रिक्षात बसलो. नवऱ्याला फोन केला, तो कंपनीतून निघाला. द्वारका चौकात रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक. आईंनी माझा हात घट्ट धरला होता. मध्येच त्या म्हणाल्या, "मी सकाळी त्याला हळद-कुंकू वाहिलं."

"कुणाला?"

"त्या मुखवट्यालाच. म्हटलं, तू पाहुणा आहेस, आमच्या लेकराला काही करू नकोस. भीती वाटत होती गं मला. तू हसतेस म्हणून बोलले नाही."

"मलाही वाटते, आई. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलायचं नाही का!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

दवाखान्यात नर्सनं पोटावर यंत्र टेकवलं. नुसती खरखर. तिनं ते खाली सरकवलं. खरखरच. मी छताकडे बघत राहिले, तिच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. आईंचे ओठ आवाज न करता हलत होते. मग अचानक धावत सुटल्यासारखे ठोके ऐकू आले.

"झोपलंय तुमचं बाळ," नर्स म्हणाली.

तरी त्यांनी अर्धा तास पोटाला ठोके मोजायचा पट्टा लावून ठेवला. सहाच्या सुमारास अशी लाथ बसली की पट्टा हलला. आई तिथेच खाली फरशीवर बसल्या.

घरी येऊन मीच दादाला फोन केला. म्हटलं, मला त्याची भीती वाटते, घेऊन जा. तो रागावेल असं वाटलं होतं. लगेच आला, मुखवटा पिशवीत घातला आणि म्हणाला, "आधी सांगायचं ना, वेडे."

शोकेस रिकामी झाली, पण भीती काही गेली नाही. पुढचे तीन महिने मी दर दुपारी बोटांवर लाथा मोजायचे. आई गॅस बंद करून माझ्याजवळ येऊन बसायच्या, पोटावर हात ठेवायच्या.

सिझेरियन करावं लागलं. मुलगी बाहेर आली आणि रडली नाही. मी पडद्याअलीकडे डोळे मिटून पडले होते. मग ती रडली, आणि रडतच राहिली. मला बाहेर आणलं तेव्हा आई बाकावरून उठून धावत आल्या. नर्सच्या हातात बाळ होतं, पण त्यांनी आधी विचारलं, "हिला शुद्ध आहे ना?"