पायाच्या अंगठ्यावरचा चिमटा

"ताई, वर बघा. छताकडे," डॉक्टर म्हणाले.

मी बघतच होते, निदान मला तसं वाटत होतं. पण पापण्या खाली आल्या होत्या. डॉक्टरांनी त्या बोटांनी उचलल्या तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला, तोही एकाचे दोन. त्यांनी थुंकी गिळायला सांगितली. ती ओठांच्या कडेनं बाहेर आली.

डॉक्टर माझ्या नवऱ्याकडे वळले. "न्यूरोपॅरालिसिस सुरू झालाय. म्हणजे नागाच्या विषामुळे नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या जातात, मग घसा, मग श्वास. श्वासासाठी घशातून नळी टाकावी लागेल."

सकाळी मी यावलजवळच्या आमच्या बागेत केळीची वाळलेली पानं काढत होते. एका झाडाच्या बुडाशी हात घातला आणि मनगटावर चटका बसला. नाग फणा काढून बाजूला झाला, मी नीट पाहिला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, इकडे-तिकडे न पळता मला मोटारसायकलवर मध्ये बसवलं. मागून नणंद बसली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. यावलच्या दवाखान्यात विषावरचं औषध सुरू केलं आणि जीपनं जळगावला पाठवलं. तापीच्या पुलावर मला कठड्याच्या पलीकडे आणखी एक कठडा दिसायला लागला. अक्काला सांगायला गेले, तर जीभ जड झाली होती.

जळगावच्या दवाखान्यात नळी घातल्यावर शरीरातलं काहीच माझं राहिलं नाही. बोट हलेना, पापणी हलेना. पण मी बेशुद्ध नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या माणसावर अशी वेळ आली तर हे ठाऊक असावं. मला सगळं ऐकू येत होतं.

त्या काळी त्या दवाखान्यात श्वासाचं यंत्र एकच होतं आणि त्यावर दुसरा पेशंट होता. म्हणून डॉक्टरांनी नळीला अँबू बॅग जोडली. ही रबराची पिशवी असते. दाबली की हवा छातीत जाते, सोडली की बाहेर येते. ती कशी दाबायची ते त्यांनी यांना आणि अक्काला शिकवलं.

"आम्ही बरोबर दाबतो का नाही, कसं समजनार?" यांनी विचारलं.

"थांबा," म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमधून एक नवं मशीन आणवलं. पल्स ऑक्सिमीटर. सुई नाही, रक्त काढणं नाही. एक चिमटा बोटाला लावायचा. त्यातला लाल उजेड बोटातून आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते आकड्यात दिसतं. सिस्टरनं चिमटा माझ्या बोटाला लावला, पण आकडा स्थिर होईना. केळीच्या चिकानं माझी नखं काळी पडली होती. स्पिरिटनं घासली तरी डाग जाईना. शेवटी चिमटा पायाच्या अंगठ्याला लावला आणि मशीन बोलायला लागलं.

ठोक्यागणिक एक बारीक टिक. प्राणवायू कमी झाला की तोच आवाज खालच्या पट्टीत उतरायचा. डॉक्टरांनी यांना समजावलं ते मीही ऐकलं. मग मी दुसरं काही केलंच नाही, तो आवाज धरून राहिले. अक्काचा हात दमला की आवाज उतरायचा. मी आतून ओरडायचे, दाब, अक्का, दाब! छातीत हवा येऊन आवाज वर चढला की मला धीर यायचा. बाकी काहीच माझ्या हातात नव्हतं, पण ऐकणं होतं. ते मी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी यांचे काका, नाना, गावाहून आले. त्यांनी माझी पापणी उचलून पाहिली. माझा डोळा हलला नाही.

"आरे, कशाले पोरीचे हाल करू राह्यले? ती गेली. घरी घेऊन चला."

मी जिवंत होते आणि माझ्या डोक्याशी माझं मरण ठरत होतं. तेवढी भीती मला नागाचीही वाटली नव्हती.

"नाना, डॉक्टर म्हनता विष उतरीन," हे म्हणाले. "तोवर मी पिशवी सोडनार नाही. तुमी बसा, नाहीतर माझ्यासंग दाबा."

डॉक्टरांनाही विचारणं झालं. ते म्हणाले, "डोळ्यांवरून काही ठरवू नका. तिचे स्नायू झोपलेत, ती नाही. रक्तात प्राणवायू पोचतोय, तोवर औषधाला वेळ द्या. आणि तिच्यासमोर जपून बोला."

नानांनी बाह्या वर केल्या आणि अक्काच्या हातातून पिशवी घेतली. म्हातारा माणूस, पण शेतात राबलेला हात. आवाज एकदाही उतरला नाही.

दुपारी मशीन एकाएकी वेडंवाकडं वाजायला लागलं. आकडा घसरला, पुसला गेला, पुन्हा आला. "डॉक्टर! पाहा ना काय झालं!" अक्का रडतच धावली. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, ओठ पाहिले, मग पायाकडे गेले आणि हसले.

"प्राणवायू ठीक आहे. अंगठा हलतोय म्हणून मशीन गोंधळलंय."

ते माझ्या कानाशी वाकले. "ताई, पुन्हा हलवा."

मी जीव एकवटून हलवला. मशीन पुन्हा गोंधळलं. अक्का हसली की रडली, ते आवाजावरून कळेना.

पुढं पापण्या उघडल्या, नळी निघाली, घशातून खरखरीत का होईना शब्द आला. नाना खाटेशी उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "तुले ऐकू येत होतं का व?"

"येत होतं, नाना."

"बठ्ठं? सगळं?"

"बठ्ठं. तुमी पिशवी दाबली तेबी."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मनगटावरचा व्रण आजही आहे. आता कुणी आजारी पडलं की मी भेटायला जाते आणि आधी त्या माणसाच्या कानाशी वाकून माझं नाव सांगते. तो डोळे उघडत नसला, तरी.