कार्यक्रमात नसलेलं जेवण

तिन्ही होड्या काठाजवळच्या गाळात रुतल्या होत्या आणि आमच्या इंजिनियर साहेबांचा कार्यक्रम सकाळीच कोलमडत होता. एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. मी धरणावर ओव्हरसियर होतो. नेव्हल कॅडेट्सची शिडाच्या होड्यांची मोहीम आमच्या जलाशयातून चालली होती. त्यांचा काठावरचा एक दिवस माझ्या गळ्यात पडला होता. औंढा नागनाथ दाखवायचं, पाटलांकडे जेवण, दुपारी होड्या पाण्यात, संध्याकाळी धरणावर साहेबांच्या हस्ते सत्कार.

काठावरच्या बौद्ध वस्तीतली माणसं न बोलावता गाळात उतरली आणि त्यांनी होड्या ओढून काढल्या. त्यांच्यातले कोंडिबा नाना मोहिमेच्या लेफ्टनंट साहेबांना म्हणाले, "सायेब, वापस आल्यावर आमच्याकडं जेवून जा."

"हो हो, नक्की," पुण्याकडचे लेफ्टनंट म्हणाले. मीही तो नुसता शिष्टाचार समजलो.

औंढ्याचं दर्शन निवांत झालं. नंदी देवळाच्या मागं का, हे मला तीनदा सांगावं लागलं. पाटलांकडे पुरणपोळी. आग्रह असा, की पोरांना पट्टे सैल करावे लागले.

परतलो तर वस्तीत लिंबाखाली पंगत मांडलेली. ज्वारीच्या भाकरी, मासळीचा रस्सा.

"सगळ्यांची पोटं भरलीत हो," लेफ्टनंट घड्याळ बघत म्हणाले.

नानांची बायको गयाबाई पुढं आली. "पाटलाकडं जेवले व्हय? मग आमचं काहून न्हाई? सकाळी व्हय म्हणले नं? आमी समदे उपाशी थांबून राहिलो."

मी लेफ्टनंटना बाजूला घेतलं.

"साहेब, इथं जेवायला हो म्हटलं की चूल पेटते. आता गेलात तर पाटलांचं चाललं आणि यांच्या हातचं चाललं नाही, असाच अर्थ निघेल."

"पण उशीर झाला तर वारा पडेल." वारा पडला की शिडं लोंबतात आणि होडी वल्हवत न्यावी लागते.

"मग वल्हवा."

हे मी कसं बोललो, देव जाणे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि शिट्टी मारली. "फॉल इन!" सगळ्यांत आधी स्वतः मांडी घालून बसले. रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. मी होड्यांकडं धावलो. दोर, शिडं, वल्ही, सगळं तयार ठेवायचं होतं.

वारा पडायचा तो पडलाच. दोन जेवणं पोटात घेऊन पोरांनी वल्ही मारली. धरणावर पोचली तोवर हार सुकले होते.

साहेब तापले. "कार्यक्रमात एकच जेवण होतं ना?"

"एकच होतं, सर," लेफ्टनंट म्हणाले. "दुसऱ्याला मी हो म्हटलं होतं."

मेमो अर्थात मला मिळाला. त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण वस्तीची लाज राखली, अशा तोऱ्यात मी पुढच्या आठवड्यात तिकडून जीपनं चाललो होतो. गयाबाईनं हात दाखवून जीप थांबवली.

"सायेब, पाव्हणे जेवले. तुमी काहून न्हाई जेवले?"

मी जीप बंद करून खाली उतरलो आणि लिंबाखाली मांडी घातली.

पुढं नोकरीत असे बरेच कार्यक्रम आखले. दुसऱ्यांना पंगतीला बसवायचं असेल, तर आधी आपण बसावं.