दरफाळणीच्या आदल्या दिवशी

मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून एक ज्यू आजी आमच्या गल्लीत राहायला आल्या. मी त्यांच्याकडे रोज दूध घालायची. पातेलं पुढं करण्याआधी त्या दुधाचा थेंब नखावर घेऊन निरखून बघायच्या.

एका सकाळी चार बायकांसमोर म्हणाल्या, "काल पाणी घातलंस तू." मला पटकन बोलता येत नाही. घरी येऊन रडले.

पुढच्या आठवड्यात आजी पांढरी साडी नेसून आमच्या अंगणात आल्या, त्याच चौघींना सोबत घेऊन.

"पाणी माझ्या सुनेनं घातलं होतं, चहाला पुरावं म्हणून. मला माफ कर."

मी नुसती मान हलवली.

"तोंडानं म्हण, बाई. उद्या आमचा दरफाळणीचा सण. दार लावून, दिवसभर उपाशी राहून देवाची माफी मागायची. पण तुला दुखवलं ते देव माफ करत नाही, ते तूच करायचं."

एक शेजारीण म्हणाली, "म्हन की गं. किती येळ हुबं करती म्हातारीला?"

"माफ केलं," मी म्हणाले. मग राहवेना. "आजी, तुम्ही बोलल्यावर रागानं दोन दिवस मी खरंच पाणी घातलं."

आजी म्हणाल्या, "आणि मी ह्या चौघींना सांगत होते, बोलल्यापासून दूध सुधारलं म्हणून."

हसता हसता त्यांनी माझा हात धरला आणि चौघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माफ केलं."