न ऐकू आलेली शिट्टी

मास्तरीणबाईंची गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात दिसली आणि कानवाले हात पुसत बाहेर आले.

"काका, शिट्टी तशीच आहे हो. गाडीनं वेग घेतला की डोकं उठतं."

गाडीच्या दारा-खिडक्यांतून शिरणारा वारा शोधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचं आणि नेमक्या फटीवर बोट ठेवायचं, म्हणून तर लोक त्यांना कानवाले म्हणत. पण मागच्या फेरीत बाई "ही बघा, आत्ता!" म्हणाल्या, तेव्हा त्यांना टायरच्या घरघरीपलीकडे काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी नुसती मान डोलावली आणि अंदाजपंचे मागच्या दाराचं रबर बदलून दिलं.

"संध्याकाळी या," असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. बाई गेल्या, पण हात कशाला लागेना. हे बाहेर फुटलं तर गॅरेजची पायरी कोण चढणार?

दुपारी बायको डबा घेऊन आली.

"अहो, तोंड का उतरलंय?"

"काही नाही."

"काही नसताना माणूस पाना उलटा धरून बसत नाही."

त्यांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे दाराची बेल तुम्हाला ऐकूच येत नव्हती? आणि मी समजायची, उठायचा कंटाळा! किती तोंडसुख घेतलं हो तुमच्यावर." मग पदर खोचून उठली. "चला. गाडी तुम्ही चालवा, ऐकायचं काम माझं."

त्यांनी दारांच्या आणि काचांच्या सगळ्या फटींवर चिकटपट्टी लावली. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवली, ती म्हणाली, "गप्प आहे." मग थांबून एकेक पट्टी काढायची आणि पुन्हा पळवायची. मागची दारं झाली, तिचं "गप्प" चालूच. आपल्याला दोघांनाही ऐकू येत नसेल तर, या विचारानं त्यांनी वेग आणखी वाढवला. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाजवळची पट्टी निघाली आणि थोड्या वेळानं ती किंचाळली, "आली, आली! बाई गं, दातात कळ गेली!"

आरशामागच्या कोपऱ्यात रबर दुमडलं होतं. तिथं कागद धरून दार लावलं, तर ओढताच तो सुळकन बाहेर आला. त्यांनी रबर सरळ करून नीट बसवलं. आता कागद फाटला, पण निघाला नाही.

संध्याकाळी त्यांनी बाईंना खरं ते सांगितलं. "तेव्हाच बोलला असतात तर माझ्या दोन चकरा वाचल्या असत्या," बाई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन गेल्या. ते बोलणं त्यांना लागलं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन आले. "आवाज आला की हात वर करा," डॉक्टर म्हणाले. सुरुवातीला हात भराभर वर गेला. मग सगळं शांत झालं. आवाज थांबलेत की आपलेच कान, काही कळेना. त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. डॉक्टरांचं बोट एकामागून एक बटण दाबतच होतं.