आमच्याकडची निळी म्हैस

मी भिंती रंगवते. शाळा, दवाखाने, देवळांची कुंपणं, कुठूनही बोलावणं येतं, आणि प्रत्येक ठिकाणी एक शहाणा विचारतोच, "ताई, हे असलं तुम्हाला सुचतं कुठून?" डोकंच फिरतं माझं. सुचतं कसलं? दिसतं तेच काढते मी!

पहिली भिंत आमच्याच घराची, शिरपूरच्या रस्त्याकडची. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले डबे होते, तेच घेतले. कासवाच्या पाठीवर एसटी काढली, कारण आमची मालेगावची गाडी तशीच यायची. शेजारच्या काकूला डोक्याच्या जागी सूर्यफूल दिलं, कारण गावात जिकडं भांडण तिकडं तिचं तोंड. काकूनं स्वतःचं लुगडं बरोबर ओळखलं आणि आम्हाला विरजण देणं बंद केलं.

मधोमध आमची म्हैस, निळीशार, ढगांत पोहणारी. लहानपणी मी म्हशीच्या पाठीवर बसून तलावात जायची. पाण्यात आभाळ उतरलेलं, खाली ढग, वर ढग, मधे आम्ही दोघी. ओली म्हैस उन्हात निळीच दिसते. लोक नीट बघत नाहीत, त्याला मी काय करू?

बाबांनी भिंत कशीबशी सहन केली होती. पण मला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर ते पेटले. "पाहुणे पोरगी पाहाले येऊन राह्यले का सर्कस? चुना मारतो आज त्या भिंतीले!"

"मारा. मग चहाचा ट्रे तुमीच न्या पाहुण्याईसमोर. मी येनार नाई."

आईनं कपाळावर हात मारला. बाबांनी खरंच बादलीत चुना कालवला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. "सरक." "नाई सरकत." तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात! चुन्याचा कुंचा हातात धरूनच बाबांनी राम राम केला आणि दातओठ खात मला म्हणाले, "पाहुणे जाऊ दे, मग पाह्यतो तुले अन् तुह्या म्हशीले."

ओट्यावर सतरंजी टाकली होती. मुलगा मोबाइलवर भिंतीचे फोटो काढत बसला, माझ्याकडे ढुंकूनही बघेना. त्याचे मामा मात्र बोलके. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, "हे कोनं काढलं जी?"

"बाहेरचा पेंटर आला होता," आई घाईघाईनं म्हणाली.

"मीच काढलं," मी म्हणाले.

मामा खो खो हसले. "अवो बाई, म्हैस कधी निळी राह्यते का? लग्नानंतर हे येडे चाळे चालनार नाईत बरं. आमच्या घरच्या भिंती साफ राह्यतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आधी बाबांनी बशी खाली ठेवली. कोपरापर्यंत हात चुन्यानं पांढरे.

"तुमच्याकडं नसंन राह्यत, पाहुणे," ते म्हणाले. "आमच्याकडं राह्यते."

स्थळ तिथंच मोडलं. गाडी वळून गेली, आई रागानं आत गेली, आणि मी ओट्यावर बसून रडायला लागले. आनंदानंच, पण बाबांना ते काय कळणार! ते भिंतीसमोर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"रडून काहून राह्यली?" ते म्हणाले. "डावं शिंग चुकलं तुह्यं. आपल्या म्हशीचं जरा खाली वळते. ऊठ, नीट कर."