लिमाचा फोन

जपानमध्ये राहून मी स्पॅनिश शिकले असं सांगितलं, की पुण्यातले लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण तसंच झालं, त्याला मी काय करू! नव्वदच्या दशकात नवऱ्याची बदली नागोयाजवळच्या गावात झाली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि त्यांच्यामागे सरकारी घरांच्या इमारती. आमच्या जिन्यात वरपासून खालपर्यंत पेरू देशाची माणसं. दारं सताड उघडी, गाणी मोठ्यांदा, आणि एकीने खालून हाक मारली की अख्ख्या जिन्याने ओ द्यायची. शनिवारी त्यांचा भाजीवाला टेम्पो घेऊन यायचा. त्याच्याकडे चक्क कोथिंबिरीची जुडी मिळायची, जी गावात दुसरीकडे औषधालासुद्धा नव्हती. अजून तो हिरवा वास आठवला की मला तो जिनाच आठवतो.

राहायला गेलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातून बजावलं होतं, शेजाऱ्यांना टॉवेल द्यायचा आणि वाकून चार जपानी वाक्यं म्हणायची. मी ती पाठ केली. समोरचं दार उघडलं, आत अगदी जपानी चेहऱ्याची बाई. मी वाकले, घडाघडा म्हणून टाकलं. ती आपली बघतेच आहे! मग कपाळावर हात मारून हसत सुटली. तिला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचे आजी-आजोबा कधीकाळी इथून पेरूला गेलेले, ही जन्मली-वाढली लिमा शहरात, आणि कारखान्यात काम मिळालं म्हणून नवऱ्याबरोबर उलटी इकडे आलेली.

"माझं तोंड असं, म्हणून सगळे माझ्यावर चिडतात. तुझं बरंय, तुझ्याकडून कुणी अपेक्षाच करत नाही," ती म्हणायची. हे सगळं मी जिन्यात उचललेल्या स्पॅनिशमध्ये आणि हातवाऱ्यांनी. पण आमचं कधी अडलं नाही हो.

तिला एक मुलगी, पहिलीतली. आई-बाप दोघं पाळीवर, म्हणून शाळा सुटली की पोर माझ्याकडे. पोळीवर साखर घालून गुंडाळी करून दिली की खूश. बोलायची मात्र फक्त जपानी, तिच्या नादाने मीही ते शिकले. आईने स्पॅनिशमध्ये विचारलं की उत्तर जपानीत, आणि मग आईचा चेहरा एवढासा व्हायचा. कारण लिमात त्या बाईची आई हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. नात लिमा सोडून निघाली तेव्हा रांगत होती. "एकदा तरी तिने आजीशी बोलावं. नंतर कोण जाणे," असं म्हणताना तिचे डोळे भरायचे.

रविवारी सकाळी स्टेशनबाहेरच्या फोनबूथवर आम्हा परदेशी लोकांची रांग लागायची. मी पुण्याला, ती लिमाला. प्रत्येक वेळी ती मुलीच्या कानाला रिसीव्हर लावायची आणि मुलगी बुटांकडे बघत गप्प. त्या रविवारी तर आई रडकुंडीला आली. "बोल ना गं! काहीही बोल!" पोरगी वैतागली आणि रिसीव्हरमध्येच जपानीत म्हणाली, "मला नाही येत, आजी."

मग एकदम ताठ झाली. डोळे हे एवढे मोठे. वळून मला म्हणाली, "काकू, आजी जपानी बोलतेय!"

मी आईला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. नंतर कळलं, लहानपणी आजी तिथल्या जपानी शाळेत गेली होती म्हणे. दुसऱ्या महायुद्धात पेरू जपानच्या विरुद्ध बाजूला गेला, शाळा बंद झाली, जपानी बोलणंही धोक्याचं झालं, आणि नंतर तिने लेकरांपुढे त्यातला शब्दही काढला नाही. आता नातीशी मात्र बोलत होती आणि पोर पोपटासारखी उत्तरं देत होती. मध्ये उभ्या आईला दोघींचं काहीच कळत नव्हतं. माझा हात धरून ती सारखी विचारत होती, "काय म्हणतेय? काय म्हणतेय?"

मला ऐकू येत होती फक्त नात. शाळेचं सांगतेय, म्हटलं. बर्फाचं सांगतेय. माझ्या पोळ्यांचं सांगतेय. आई हसत होती, डोळे पुसत होती. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

तेवढ्यात पोर म्हणाली, "आई? आई रडते. आंघोळीला गेली की नळ सोडून रडते. मला ऐकू येतं."

"काय म्हणतेय?" आईने विचारलं.

शाळेचंच सांगतेय म्हणावं, असं मनात आलं. पण आईचं रडणं लेकीपासून लपलेलं नव्हतं, मग ते लपवणारी मी मध्ये कोण? माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी जसंच्या तसं सांगितलं. मग तिने रिसीव्हर घेतला, आईला त्यांच्यात म्हणतात तसं "मामा" म्हणाली, आणि तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, ढसाढसा रडली.

मी पोरीला घेऊन बाहेर आले. ती घाबरून म्हणाली, "मी चुकीचं बोलले का?"

मला जपानी सुचेना, स्पॅनिश सुचेना. तिला कडेवर घेतलं आणि मराठीतच म्हटलं, "नाही गं बाळा. बोललीस ते बरं केलंस."